धाकटीचं नाव कामात आहे

संगणकाने ओळख दाखवली नाही, म्हणून धाकटी त्याच्यावर रागावली नाही. बाळंतपणाची लांबलचक रजा संपवून आलेल्या बाईला माणसंसुद्धा चटकन ओळखत नाहीत. सकाळी दारावरच्या पहारेकऱ्यानेच तिला "कुणाला भेटायचंय?" म्हणून अडवलं होतं, मग त्या मुक्या यंत्राचं काय घेऊन बसायचं? खुर्चीवर कुणीतरी वाळत घातलेला टॉवेल तिने शेजारी ठेवला, कीबोर्डवरचे बिस्किटाचे कण रुमालाने झटकले आणि पासवर्ड पुन्हा टाकला. चुकीचा. मग ओठांत पुटपुटत, एकेका अक्षरावर बोट टेकवत तिसऱ्यांदा टाकला.

पडद्यावर लाल चौकट आली. 'आपलं खातं बंद करण्यात आलं आहे.'

आणि त्याच क्षणी कचेरीत हाहाकार उडाला.

"अरे, माझं गेलं!" भांडाराच्या खिडकीतून आवाज आला.

"माझंही गेलं!" हिशेबाच्या टेबलावरून दुसरा.

वरच्या मजल्यावरून तर नुसतंच "गेलं, गेलं!" असं ऐकू आलं. त्या मजल्यावर कुणी दगावलं असावं असं नवख्या माणसाला वाटलं असतं.

घरात ती धाकटी सून आणि कचेरीतही वयाने सर्वांत धाकटी, म्हणून आपण तिला धाकटीच म्हणू. कचेरीत तिला मॅडम म्हणत. ज्यांना काम सांगायचं असे ते जरा जास्तच आदराने म्हणत. कंपनी लिफ्ट दुरुस्त करणारी. शहरात कुठे लिफ्ट अडकली, दार मिटेना, की तक्रार इथे यायची. कोणता मिस्त्री धाडायचा, त्याला कोणता नवा भाग द्यायचा, दोर की बटणं की दरवाजाचा रूळ, हे धाकटीने ठरवायचं आणि 'मंजूर' दाबायचं. ते 'मंजूर' सर्व्हरने फक्त धाकटीच्या नावाला दिलं होतं. तिला त्याचा कोण अभिमान! माहेरी सांगताना ती "माझ्या सहीशिवाय शहरातली एक लिफ्ट हलत नाही" असं सांगायची. आता तिला कळलं, की तिच्या सहीने लिफ्ट हलत होत्याच. हलवत मात्र दुसरे होते.

भांडारातून नटबोल्टकाका आले. खिशात कायम चार-दोन नटबोल्ट खुळखुळायचे म्हणून हे नाव. "मॅडम, आल्या आल्या हे काय केलंत?"

"मी? काका, मी फक्त आत जात होते."

"पण आत आम्ही होतो ना!" काका कळवळून म्हणाले.

झालं होतं असं. मुलगी जन्मली त्याच दिवशी धाकटीला दवाखान्यात पहिला फोन आला तो शेजारच्या टेबलावरच्या गोडबोलीचा. गोडबोली म्हणजे जिच्या तोंडात साखर आणि डोक्यात कायम दुसऱ्याकडून करून घ्यायचं काम. "अगं, अभिनंदन! मुलगी ना? किती गोड! तुझ्यासारखी दिसते का? बरं, तुझा पासवर्ड काय आहे?" त्या अवस्थेत बाई काहीही देऊन बसते. कुणी घराची किल्ली मागितली असती तरी धाकटीने दिली असती. पासवर्ड गोडबोलीकडून काकांकडे गेला, काकांकडून हिशेबात, हिशेबातून वर. त्या कचेरीची रीतच तशी. नवा अधिकार मागायचा तर शिफारस लागे, शिफारशीला सही लागे, आणि सही करणारा माणूस कायम जेवायला गेलेला असे. म्हणून ज्याच्याकडे अधिकार असेल त्याच्याच नावावर सगळे संसार थाटत. एका नावावर किती जण राहतात हे विचारणं असभ्यपणाचं मानलं जाई. मध्ये कुणीतरी खबरदारी म्हणून पासवर्ड बदलला होता. तो सगळ्यांना कळवला होता, धाकटी सोडून. ती रजेवर होती ना.

एरवी धाकटीने हे हसण्यावारी नेलं असतं. पण हा आठवडा हसण्यावारी न्यायचा नव्हता. पाळणाघर पाच वाजता बंद होई आणि कचेरी सहाला. सासूबाई आठवडाभर बाळ सांभाळणार होत्या. पुढे त्या लेकीकडे जायच्या होत्या, आणि त्यांच्या जाण्यात बदल होणं म्हणजे ग्रहताऱ्यांनी मार्ग बदलण्यासारखं होतं. धाकटीने मोठ्या साहेबांकडे रोज साडेचारला निघायची परवानगी मागितली होती. साहेब म्हणाले होते, "आठवडाभर बघू. साडेचारपर्यंत तुमचं काम उरकत असेल तर माझी हरकत नाही. नाही उरकलं तर..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. साहेबांची अपुरी वाक्यं फार पूर्ण असत.

म्हणजे काम उरकलं तर नोकरी, नाहीतर घर. आणि काम उरकायला आत जायला हवं.

सर्व्हरची देखभाल करणारा गृहस्थ एका थंडगार खोलीत राही. बाहेर लोक घामाने निथळत असताना हा स्वेटर, कानटोपी घालून बसलेला. त्याला सगळे सर्व्हरबाबा म्हणत. दर्शन दाराच्या फटीतून होई, कारण दार पूर्ण उघडलं तर यंत्राला ऊन लागतं म्हणे.

धाकटीने नाव सांगितलं. बाबांनी आत डोकावून पाहिलं. "तुम्ही सकाळपासून आत होतात. भांडारातून, हिशेबातून, वरच्या मजल्यावरून. एकदा साहेबांच्या खोलीतूनसुद्धा."

"अहो, पण मी ही इथे उभी आहे!"

"मला दिसताय तुम्ही. सर्व्हरला नाही दिसत."

या वाक्यावर अध्यात्माचा एक ग्रंथ लिहिता आला असता. पण धाकटीला साडेचार गाठायचे होते.

"नवा पासवर्ड तुमच्या मेलवर पाठवलाय," बाबा म्हणाले.

"मेल उघडायला पासवर्ड लागतो."

"बरोबर. त्यालाच सुरक्षा म्हणतात."

बऱ्याच मिनतवारीनंतर बाबा पाझरले. लिहून द्यायला मनाई, म्हणून त्यांनी फटीला तोंड लावून पासवर्ड कुजबुजत सांगितला. मोठा के, लहान टी, मग चांदणी, मग सात. धाकटी डोळे मिटून मंत्र घेतल्यासारखी ऐकत होती. डोळे उघडले तर मागे नटबोल्टकाका उभे. तेही डोळे मिटून ऐकत होते.

धाकटीने जागेवर जाऊन तो पासवर्ड तिथल्या तिथे बदलला आणि मनाशी पक्कं ठरवलं, आता मेले तरी कुणाला सांगणार नाही. ज्याचं त्याने आपापलं नाव घ्यावं, आपापला अधिकार मागावा. तसं तिने सगळ्यांना समजावूनही सांगितलं. "काका, मी तुमच्यासाठी शिफारस मिळवते ना. तुमचं स्वतःचं 'मंजूर' होईल."

काकांनी खिशातले नट खुळखुळवले. "मॅडम, चूक झाली तर?"

"चूक झाली तर काय?"

"तर ती माझ्या नावावर जाईल ना! आता कसं, तुमच्या नावावर जाते. मनाला शांती असते."

"आणि शिवाय," गोडबोली म्हणाली, "कामही तुझ्याच नावावर जातं की गं. आम्ही कधी हक्क सांगितलाय का?"

अशा निःस्वार्थी माणसांपुढे काय बोलणार? त्यांनी रुसवा धरला नाही, भांडण केलं नाही. फक्त धाकटीच्या टेबलापुढे रांग लावली. "मॅडम, एवढं एक मंजूर करा." "ताई, हे एक बघता का, लगेच होईल." "अगं, माझं एकच बटण आहे." गोडबोलीने तर खुर्ची ओढून मांडच ठोकली. वरच्या मजल्याने एक माणूस फक्त या कामासाठी खाली उतरवून ठेवला. धाकटी दिवसभर दुसऱ्यांची बटणं दाबत बसली. साडेचारला तिच्या स्वतःच्या कामाचा श्रीगणेशाही झाला नव्हता. सहालाही नाही.

अंधार पडायच्या बेताला घरून फोन आला. फोनवर सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त फोन बाळापुढे धरला. सासूबाई शब्द वाया घालवत नाहीत. पलीकडे ते घशाच्या शिरा ताणून रडत होतं, आणि अलीकडे, तक्रारींच्या ढिगाऱ्यापुढे बसलेल्या धाकटीला पान्हा फुटला. ब्लाउज भिजला. टेबलावरची फाइल छातीशी धरून ती उठली. साहेब समोरून येत होते. फाइल घरी नेताना पाहून ते म्हणाले, "वा! घरीसुद्धा काम? पण मॅडम, काम वेळेत उरकणं महत्त्वाचं."

घरी पोचली तर इमारतीची लिफ्ट बंद. दुष्काळात तेरावा महिना. जिन्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर कठड्याला धरून धापा टाकत उभे होते. तिला पाहताच त्यांना नवा दम आला.

"या! तुमचीच वाट पाहत होतो. तुमच्या कंपनीला आम्ही कळवलं. उत्तर काय आलं? पाहा." त्यांनी मोबाइल तिच्या नाकापुढे धरला. 'तक्रारीचं निवारण झालं आहे. लिफ्ट सुरू आहे.' आणि खाली धाकटीचं नाव, आडनावासकट.

"काका, हे मी केलेलं नाही."

"मग कुणी केलं? तुमच्या भुताने?"

"तसंच काहीसं," धाकटी म्हणाली.

"माझ्या शाळेत असं उत्तर देणाऱ्याला मी बाकावर उभं करत असे." मग त्यांचा राग ओसरून उपदेश सुरू झाला, आणि तो रागापेक्षा अवघड होता. पासवर्ड कसा असावा यावर त्यांनी एका जिन्याएवढं भाषण केलं. वडिलांचं नाव उलटं लिहावं, मध्ये पाढा घालावा. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई वर आल्या. त्या म्हणाल्या, पासवर्ड ठेवूच नये, ज्याला कुलूप असतं तिथेच चोर येतो. दोघांचं त्यावरून जुंपलं. तेवढ्यात धाकटीने पळ काढला.

बाळ दमून झोपलं होतं. हुंदका मात्र झोपेतही येत होता. धाकटीने त्याच्या तळपायाला गाल लावला.

"नोकरी कर," सासूबाई पोळपाट आवरत म्हणाल्या, "मी नाही कधी म्हटलं नाही. पण एकाच जागी असावं माणसाने. तू तिथेही नाहीस, इथेही नाहीस."

नवरा म्हणाला, "सरळ तक्रार कर ना."

"कुणाकडे?"

"ज्याच्याकडे तक्रारी जातात त्याच्याकडे."

"त्या माझ्याकडेच येतात," धाकटी म्हणाली, आणि नवऱ्याने हुशारीने वर्तमानपत्र उघडलं.

दुसऱ्या दिवशीही रांग. त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटीने शरणागती पत्करली. नवा पासवर्ड तिने स्वतःहून गोडबोलीच्या कानात सांगितला. तो कचेरीभर पोचायला लागलेला वेळ पाहून वाटलं, या माणसांनी लिफ्टचं काम असंच केलं असतं तर शहरात जिने बांधावेच लागले नसते.

रांग गेली. आता निवांत काम, असं म्हणून तिने तक्रार उघडली, मिस्त्री निवडला, 'मंजूर'वर बोट नेलं, आणि पडदा कोरा झाला. 'आपण बाहेर पडला आहात.' ती पुन्हा आत गेली. पुन्हा बाहेर. हे असं जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं, तेव्हा ती थंड खोलीच्या फटीपाशी गेली.

"एका नावाने चौघंच आत राहू शकतात," सर्व्हरबाबा म्हणाले. "पाचवा आला की एकाला बाहेर काढतो सर्व्हर."

"नेमकं मलाच का?"

"जो थांबून विचार करतो त्याला काढतो. बाकीचे धडाधड दाबत असतात. तुम्ही बहुतेक आधी तक्रार वाचता."

धाकटीने हे कबूल केलं.

"वाचू नका."

"बाबा, माझ्याच घरातून मला माझंच नाव धक्के मारून बाहेर काढतंय हो! काहीतरी करा."

बाबांना दया आली. त्यांनी कानटोपी मागे सारली, जरा खटखट केलं आणि म्हणाले, "तुम्हाला पाहुणी करून टाकतो. पाहुण्यांना सर्व्हर बाहेर काढत नाही. सगळं दिसेल तुम्हाला. हात मात्र कशाला लावता येणार नाही."

"म्हणजे सासरी पहिल्या दिवशी असतं तसं."

"असेल," बाबा म्हणाले आणि फट मिटली.

आणि खरोखर, पाहुणी म्हणून आत गेल्यावर तिला कुणी बाहेर काढलं नाही. ती हात मांडीवर ठेवून बसली आणि पडद्यावर स्वतःला काम करताना पाहू लागली. काय कामसू बाई होती ती! एका ठिकाणी दार बसवत होती, त्याच वेळी दुसरीकडे मिस्त्र्याला रजा देत होती, तिसरीकडे तक्रारी न वाचता निकालात काढत होती. ना तिला पान्हा फुटत होता, ना तिचे डोळे झोपेने मिटत होते. धाकटीला तिचा हेवा वाटला. मग एका दुमजली इमारतीला त्या बाईने एवढा दोर मंजूर केला, की तो विहिरीत सोडला तरी उरला असता. धाकटी ओरडली, "काका, दोर जास्त होतोय!"

भांडाराच्या खिडकीतून काकांनी तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. "होऊ दे मॅडम. नाव तुमचंच आहे."

आठवडा संपला त्या दुपारी साहेबांनी बोलावलं. त्यांच्यापुढे सर्व्हरने काढलेला तक्ता होता, कुणी किती काम केलं त्याचा. धाकटीच्या नावाचा खांब सगळ्यांच्या डोक्यावरून गेला होता.

"रजेतलं तुमचं काम अप्रतिम आहे," साहेब म्हणाले. "प्रसूतीच्या दिवशीसुद्धा मंजुऱ्या दिल्यात तुम्ही. वरिष्ठ कार्यालयाने खास कौतुक कळवलंय. परत आल्यापासून मात्र पहिले दोन दिवस ढिलाई दिसते. नंतर पुन्हा सावरलात."

नंतर म्हणजे ती पाहुणी झाल्यापासून.

धाकटीने तक्ता साहेबांकडे परत सरकवला. "साहेब, ते मी नव्हते. रजेतही नव्हते, आत्ताही नाही. माझ्या नावावर सगळी कचेरी काम करते. या आठवड्यात मी काही केलंच नाही. मला करता आलं नाही."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला हे ठाऊक नाही असं वाटतं तुम्हाला? माझ्या खोलीतूनही तेच नाव चालतं."

"मग तुम्ही वरती का नाही सांगत?"

"सांगतो की. पण वरचे पहिला प्रश्न काय विचारतील? पासवर्ड कुणी दिला. बोला, काय सांगू?"

धाकटीला दवाखान्यातली खाट दिसली, आणि कुशीतलं ते लालबुंद, मुठी वळलेलं गाठोडं.

"तेव्हा," साहेब आवाज मऊ करून म्हणाले, "कशाला कुणाचं वाईट करायचं? तुम्हाला परवानगी हवी ना? ती मी दिली आहे. आदेश तयार आहे, वाचा."

तिने वाचलं. साहेबांची भाषा गुळगुळीत होती. 'सदर कर्मचारी कार्यालयात उपस्थित नसल्या तरी कामकाजात कोणताही फरक पडत नाही, असे निदर्शनास आले आहे. सबब त्यांना रोज साडेचार वाजता घरी जाण्यास परवानगी देण्यात येत आहे.'

ती ते वाक्य पुन्हा वाचत राहिली. या कचेरीत यायच्या आधी तिने परीक्षा दिली होती, मुलाखत दिली होती. सातवा महिना लागल्यावरही ती भांडाराचा जिना चढून दोर स्वतः हाताने चाचपून पाहायची, कारण दोराला माणसं लटकलेली असतात.

"हे पहिलं वाक्य काढता येईल का?"

"ते काढलं तर कारण काय लिहू?"

"लिहा की, लहान मूल आहे."

"त्याला रकाना नाही," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी चष्मा पुसला. "तुमची संमती लागेल तेवढी. सर्व्हरवर आदेश टाकलाय. जागेवर जाऊन 'मान्य' दाबा, की लागू झाला."

धाकटी जागेवर आली. आदेश पडद्यावर होता. खाली 'मान्य' होतं. ते दाबलं नाही तर पुढच्या आठवड्यापासून बाळाला कोण पाहणार, याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं. तिने ते दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. 'पाहुण्यांना ही सुविधा नाही.'

"काय गं, अडलं का?" गोडबोलीने मान वळवली. पडद्यावरचं सगळं तिने वाचलं, जरा वेळाने नजर खाली घातली. ती वाईट बाई नव्हती, तिला फक्त सगळं सोपं हवं असे. "मिळाली की परवानगी! बघ, मी म्हणत नव्हते? थांब, मी आत आहे तुझ्या नावाने. मी करते."

धाकटीने थांबवायला हात उचलला. मग तो तिने परत मांडीवर ठेवला.

शेजारच्या टेबलावर टक्कन आवाज झाला. आदेशाखाली धाकटीचं नाव उमटलं, आडनावासकट, आणि पुढे लिहून आलं, 'मला हे मान्य आहे.'

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते. तिने पर्स उचलली, खुर्ची आत सरकवली. "येते हं," ती म्हणाली. भांडारातून, हिशेबातून, वरच्या मजल्यावरून खटखट चालू होती. कुणाचं काही अडलं नाही.